गोकुळचा वाटा

लासुर्णे,
शनिवार, फेब्रुवारी

प्रिय रेश्मा,

गुरुवारी तू गेलीस आणि मी तशीच ओट्यावर बसून राहिले. दारावरून उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक गाणी लावून जात होते. त्या दणदणाटात विचार करता येत नाही, तेवढंच बरं होतं. तू जे मागितलंस त्यावर मी ‘बघते’ म्हणाले. ‘बघते’ म्हणणारी बाई मी नव्हे, हे तुला ठाऊक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात पोरांना हो किंवा नाही एवढंच सांगत आले. तुझ्यापुढे मात्र जीभ रेटेना. ह्यांच्या गोळ्यांची बाटली आत फडताळात आहे, निम्म्याहून जास्त भरलेली आहे, आणि तुला ती तुझ्या नवऱ्यासाठी, गोकुळसाठी हवी आहे. तू खाली मान घालून म्हणालीस, “काकू, तात्या तर गेलं. त्या गोळ्या आता कुणाच्या कामाच्या न्हाईत.” रेश्मा, मला त्या वाक्याचा राग आला. अजून गेलेला नाही. रागाच्या भरात दिलेल्या उत्तरावर कुणी विश्वास ठेवू नये, म्हणून तेव्हा गप्प बसले आणि आता लिहायला घेतलं आहे. फोनवर तू रडशील, मग मीही रडेन आणि बोलायचं ते राहूनच जाईल.

आपली ओळख लघवी मोजताना झाली असं कुणाला सांगितलं तर लोक हसतील. पुण्याच्या त्या वॉर्डात ह्यांची खाट खिडकीशी, गोकुळची दाराशी. दोघांच्याही मेंदूत लिम्फोमाची गाठ. एक साठी उलटलेला, एक चाळिशीही न गाठलेला, आजार मात्र एकच. ते हळदीच्या पाण्यासारखं पिवळं औषध शिरेतून चढवलं की पुढचे काही दिवस ते लघवीवाटे धुऊन निघालं पाहिजे, नाहीतर मूत्रपिंडं जातील, असं नर्सनं आपल्या दोघींना एकदमच बजावलं होतं. भांड्यात कागदाची पट्टी बुडवायची. ती निळसर झाली की ठीक, पिवळट राहिली की सोड्याची सलाईन वाढवायची. गोकुळची पट्टी निळी झाली की पोराचा वर्गात पहिला नंबर आल्यासारखी तू ती मला दाखवायला धावत यायचीस. संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर मी भाकरी थापायची आणि तू कालवण टाकायचीस, तेही इतकं तिखट की ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी ते दुसऱ्यांदा मागून घ्यायचे. अंथुर्णे आणि लासुर्णे, हाकेच्या अंतरावरची गावं, आणि आपण भेटलो कुठं तर पुण्यात, यावर आपण किती हसलो होतो. त्या वॉर्डात हसणाऱ्या आपण दोघीच असू.

ह्यांचा आजार कसा सुरू झाला ते तुला तुकड्यातुकड्यानं ठाऊक आहे. आधी शर्टाची बटणं चुकायला लागली. मग कालव्याच्या कडेनं फिरायला गेलेला माणूस घराची वाट विसरला आणि भलत्याच गावात जाऊन देवळात बसला. ज्यानं पाटबंधारे खात्यात पाटकरी म्हणून जन्म काढला, नीरा डाव्या कालव्याची दारं उघडून शेतकऱ्यांना पाळीपाळीनं पाणी सोडलं, त्याला कालव्यावरची वाट सापडेना. भावकीत कुणी म्हणालं, रिटायर झाल्यापासून घेतोय वाटतं. कुणी करणी म्हणालं. माझ्या जावेनं तर लिंबू-मिरच्या आणून दाराला बांधल्या. शेवटी आमच्या दिग्विजयनं बापाला गाडीत घालून बारामतीला नेलं, डोक्याचा एमआरआय केला, आणि तिथून थेट पुणे. तिथं कवटीला बारीक भोक पाडून गाठीचा तुकडा काढला, तपासला, आणि नाव कळलं. नंतरची दशा तू डोळ्यांनी पाहिलीस. पण औषध लागू पडलं गं. शेवटच्या फोटोत गाठ दिसेनाशी झाली. घरी आल्यावर ह्यांनी पहिल्याच सकाळी स्वतःच्या हातांनी बटणं बरोबर लावली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. गोकुळचीही गाठ विरघळली होती. त्या महिन्यात आपल्याइतकं सुखी तालुक्यात कुणी नसेल.

मग डॉक्टर सईंनी आपल्या चौघांना त्यांच्या खोलीत बसवून घेतलं, ते आठव. हा आजार परत येण्यात पटाईत आहे, म्हणाल्या. धडधाकट माणसाला त्याच्याच पेशी काढून परत देण्याचा मोठा उपचार करतात, पण ह्यांचं वय झालेलं आणि गोकुळच्या फुप्फुसांची जुन्या टीबीनं चाळण केलेली, म्हणून तो दोघांनाही झेपणारा नव्हता. त्यांच्याकडे एक अभ्यास चालू होता. गाठ गेल्यावर रोज गोळ्या घेत राहिलं तर ती परत यायची थांबते का, हे त्यांना पाहायचं होतं. निम्म्या रुग्णांना गोळ्या, निम्म्यांना नुसती वेळच्या वेळी तपासणी. कुणाला काय, ते कंप्युटर ठरवणार, डॉक्टरांच्याही हातात नाही. मी विचारलं, गोळ्या चांगल्या आहेत तर सगळ्यांनाच का देत नाही? त्या बाईनं गोड बोलून वेळ मारून नेली नाही. चांगल्या आहेत का तेच आम्हाला ठाऊक नाही, म्हणाल्या, ठाऊक असतं तर अभ्यास कशाला केला असता. कदाचित फायद्यापेक्षा अपायच जास्त होईल, रक्तस्राव होईल, फुप्फुसात बुरशी धरेल. मला ते पटलं. ह्यांना नाही पटलं. टोपी मांडीवर काढून ठेवून ह्यांनी विचारलं, “निम्म्यांना समदं आन निम्म्यांना कायबी न्हाय, असं कशापाई? समद्यांनी निम्मं-निम्मं घ्यावं की.” आपण सगळे हसलो. डॉक्टरही हसल्या. म्हातारा भोळा आहे असं वाटलं सगळ्यांना. भोळा नव्हता, तो मनात हिशेब मांडून बसला होता.

कंप्युटरनं ह्यांना गोळ्या दिल्या आणि गोकुळला दिल्या नाहीत. बाहेर पायरीवर बसून गोकुळ म्हणाला, “तात्या, मला टेलला टाकलं बघा.” तो सहज बोलून गेला असेल. पण ह्यांच्यापुढे टेलचं नाव काढायला नको होतं. टेल म्हणजे कालव्याचं शेपूट. वरच्या अंगाचे लोक दारं फोडून पाणी ओढतात आणि शेपटाकडच्या गावात पाणी पोचायच्या आत पाळी संपून जाते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. टेलला पाणी पोचल्याशिवाय वरचं दार उघडायचं नाही, हा ह्यांचा नोकरीभरचा हट्ट. त्यापायी ह्यांनी मार खाल्ला आहे, बदल्या सोसल्या आहेत. सख्ख्या भावाचं दार बंद केलं म्हणून माझे दीर आमच्या दिग्विजयच्या लग्नाला पाहुण्यासारखे येऊन जेवून गेले. एका उन्हाळ्यात आमच्याच उसाची पाळी अर्ध्यात तोडून ह्यांनी शेजारच्या फडाला पाणी दिलं. दोन्ही फड वाळले थोडे, पण दोन्ही जगले. ते ह्यांना कायमचं शहाणपण वाटलं. पाण्याच्या बाबतीत ते होतंही. गोळीच्या बाबतीत ते चालत नाही, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही.

त्यानंतर गोकुळ बाजारच्या दिवशी आमच्याकडे यायला लागला. लोणी देवकरच्या कंपनीनं त्याला मशीनवरून उठवून गेटवर हलकं काम दिलं होतं, तिथल्या साहेबांच्या नकला करून दाखवायचा. मी त्याला जेवल्याशिवाय सोडत नसे. जेवण झालं की दोघं कालव्याच्या पुलापर्यंत पाय मोकळे करायला जायचे. ह्यांच्या बंडीच्या खिशात तंबाखूची जुनी डबी पुन्हा दिसायला लागली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. मरणाच्या दारातून ओढून आणलं आणि पुन्हा तंबाखू? ह्यांनी तो खोटा आळ मुकाट्यानं सोसला. रोज सकाळी माझ्यासमोर तांब्या घेऊन बसायचे, बाटलीतून चार गोळ्या काढायचे, दोन तोंडात टाकायचे, आणि मी गॅसकडे वळले की दोन डबीत. तपासणीला गेलो की बाटली बरोबर रिकामी असायची आणि नर्स ‘शाब्बास काका’ म्हणायची. खरं सांगू, ते माझे सुखाचे दिवस होते. माझा माणूस आजारातून उठलाय आणि पोराच्या वयाच्या माणसाशी गप्पा मारत कालव्यावर चाललाय, यापलीकडे मला काही दिसलं नाही.

दिवाळी झाली आणि ह्यांचा डावा पाय ओढला जायला लागला. नवी बाटली नुकतीच आणली होती, ती तशीच घरात राहिली आणि आम्ही पुण्याला पळालो. डॉक्टर सईंनी फोटो पाहिला आणि मला आधी बसायला सांगितलं, तेव्हाच मी समजले. गाठ परत आली होती, आणि या खेपेला खोल. पिवळं औषध पुन्हा चढवलं तर मूत्रपिंडांनी माना टाकल्या. स्टेरॉइडच्या जोरावर काही दिवस शुद्ध चांगली होती. त्यातल्याच एका दुपारी ह्यांनी मला जवळ बसवून डबीची सगळी हकीगत सांगितली. पश्चात्ताप नावाला नव्हता. उलट सांगताना चेहरा खुलला होता, कारण गोकुळचा फोटो तेव्हाच स्वच्छ आला होता. “बघ, टेलला पाणी पोचलं,” म्हणाले. रेश्मा, मरायला टेकलेल्या नवऱ्याशी मी त्या दुपारी भांडले. शेजारच्या खाटेवरची माणसं बघत होती तरी भांडले. म्हटलं, तुम्ही तुमच्या गोळ्या नाही वाटल्या, माझा संसार वाटलात, आणि तोही मला न विचारता. मग ते आणखी एक बोलले, काय ते शेवटी सांगते. पुढं आठवडाभरात वाचा गेली आणि संक्रांत बघायला ते राहिले नाहीत.

तुला हे सगळं माहीत होतं. मला नव्हतं. हे मी किती वेळा मनात घोळवलं असेल त्याला गणती नाही. तुमच्या श्रियाच्या वाढदिवसाला तू ह्यांच्या पाया पडायला लावलंस पोरीला, तेव्हा मला वाटलं किती गुणाची बाई. तेव्हाही तुला ठाऊक होतं की या म्हाताऱ्याच्या तोंडातलं औषध आपल्या घरात येतंय. एकदा, एकदाच, मला बाजूला घेऊन सांगितलं असतंस तर? मी तुझ्या जागी असते तर सांगितलं असतं का, हाही प्रश्न मी स्वतःला विचारते आणि उत्तर देत नाही. गोकुळ जगावा असं मला मनापासून वाटतं. आणि सकाळी तो चपला घालून कामाला निघाला असेल, तू त्याच्या हातात डबा देत असशील, असं डोळ्यांपुढे आलं की ते मला बघवत नाही. दोन्ही खरं आहे. देवापुढे दिवा लावताना मला स्वतःचीच भीती वाटते. म्हणून मी ठरवलं, या बाटलीचा निर्णय माझ्या मायेवरही सोडायचा नाही आणि माझ्या पोटातल्या जाळावरही नाही.

तेराव्यानंतर डॉक्टर सईंचा फोन आला होता. सांत्वनाचं बोलल्या, मग जरा घुटमळून म्हणाल्या, काकांच्या रक्तात गोळीचं प्रमाण नेहमी कमी यायचं. पूर्ण गोळ्या घेऊनही कमी. वय झालेल्या माणसांच्या अंगात ही गोळी टिकत नसावी असा त्यांचा अंदाज, म्हणून पुढे येणाऱ्या म्हाताऱ्या रुग्णांना जास्त द्याव्यात का, असं त्यांच्या वरिष्ठांशी बोलणं चाललंय. म्हणजे उद्या कुणा फलटणच्या, करमाळ्याच्या म्हाताऱ्याला दुप्पट गोळ्या देतील, त्याच्या मेंदूत रक्त सांडेल, आणि त्याच्या बायकोला कधीच कळणार नाही की हे लासुर्ण्याच्या एका तंबाखूच्या डबीमुळं झालं. मी नाव न घेता विचारलं, कुणी अर्ध्याच गोळ्या घेतल्या तर? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, अर्धा फायदा होईल, कदाचित काहीच होणार नाही, कदाचित गाठ त्या औषधाला सरावून जाईल. पूर्ण गोळ्या घेऊन हे जगले असते का, हेही कुणाला सांगता येणार नाही. ते ‘सांगता येत नाही’ मला जन्मभर पुरणार आहे. त्यांच्या अभ्यासात आज एवढंच आहे की संभाजीरावांनी गोळ्या घेतल्या आणि ते गेले, गोकुळनं घेतल्या नाहीत आणि तो बरा आहे. दोन्ही खोटं आहे.

आणि गोकुळचं काय? दिवाळीत तो फराळाला आला तेव्हा त्याच्या दंडावर काळेनिळे डाग होते. पोत्याचा मार लागला म्हणाला. तूच मला सांगितलंस की अधूनमधून नाकातून रक्त येतं, उष्णता असेल, गुलकंद देतेय. रेश्मा, गुलकंद! ज्या गोळीनं रक्त पातळ होतं हे डॉक्टरांनी आपल्याला समोर बसवून सांगितलं, ती गोळी तो कुणाला न सांगता घेत होता, त्याच्या त्या चाळण झालेल्या फुप्फुसांसकट, आणि त्याचं रक्त त्या नजरेनं तपासणारं कुणी नव्हतं. त्यानं पुरवून पुरवून घेतलेल्या त्या गोळ्या आता संपल्या म्हणून तुझा जीव उडाला आहे, ते मला कळतं. त्यानं जरा कपाळाला हात लावला की तू हातातलं काम टाकून धावत असशील. मी ते सगळं सोसलं आहे. पण ही बाटली महिना-दीड महिना जाईल. त्यानंतर तू कुणाच्या ओट्यावर जाऊन बसशील?

आता दहाव्याचं. तू होतीस तिथं, बायकांत मागे उभी होतीस. नीरेच्या काठावर भाषणं झाली, कारखान्याचे कुणी, सोसायटीचे कुणी, ह्यांना जिवंतपणी कालव्यावर शिव्या देणारेही दोघं-तिघं ह्यांच्या प्रामाणिकपणावर बोलले. मग घास ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले होते, पण एक खाली उतरेना. दिग्विजयनं हात जोडून सांगितलं, आईला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. माझे दीर पुढं झाले, सगळ्यांदेखत म्हणाले, दादा, दाराचं मी मनातून काढलं. ऐकून माझ्या डोळ्यांना पाणी आलं, पण कावळा नाही आला. कुणी म्हणालं उसाला वेळेवर तोड आणू, कुणी म्हणालं नातवाला मोठा साहेब करू. गोकुळही गेला, पिंडापुढं बसून काय पुटपुटला कोण जाणे, बराच वेळ रडला. ऊन चढलं. लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले की म्हाताऱ्याचं असं काय राहिलंय. मला तुम्ही सगळे म्हणालात, काकू, तुमी बोला, तुमचं ऐकतील. मी पुढं झाले, हात जोडले आणि काही न बोलता परत आले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून घासाला लावला आणि विधी उरकला. लोक म्हणाले, दुःखानं बाईची वाचा बसली.

वाचा बसली नव्हती, रेश्मा. ते सांगण्यासाठीच हे पत्र लिहिलं. त्या भांडणाच्या दुपारी माझं सगळं ऐकून घेतल्यावर ह्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “घरात नवी बाटली हाय. माझ्या माघारी गोकुळचा वाटा मोडू नको.” शुद्धीत माझ्याशी बोललेलं ते शेवटचं. म्हणजे गुरुवारी तू जे मागायला आलीस, ते ह्यांनी तुझ्या आधीच माझ्याकडे मागून ठेवलं होतं. घाटावर कावळा कशासाठी अडलाय असं लोक एकमेकांना विचारत होते, तेव्हा मला एकटीला ठाऊक होतं. कावळ्याबिवळ्यावर माझा एरवी विश्वास नाही, पण त्या दिवशी होता. ‘गोकुळला गोळ्या देईन’ एवढंच म्हणायचं होतं. ओठावर आलं होतं. पण जे पाळायचं नाही ते मी त्यांच्या पिंडापुढं कसं बोलणार? म्हणून माझ्या नवऱ्याला मी तसंच पाठवलं, उपाशी. बाटली मी तुला देणार नाही. सोमवारी सकाळच्या एसटीनं ती घेऊन पुण्याला जातेय आणि डॉक्टर सईंना डबीपासून सगळं सांगणार आहे, गोकुळच्या नावासकट. त्याला ते अभ्यासात ठेवतील की काढतील, पुढं काही औषध देतील की नाही, मला माहीत नाही, आणि तुला खोटी आशा दाखवणार नाही. हे पत्र दिग्विजय तुझ्या हातात आणून देईल. गोकुळला माझ्याबरोबर पाठव. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर निदान त्याचं रक्त, त्याचं डोकं ते नीट बघतील. नाही आला तर मी एकटी सांगेन. तू मला तळतळाट दे, पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस, मला ते चालेल. ज्यांचं शेवटचं मागणं मी मोडलं, त्यांना तोंड दाखवायचं अजून बाकी आहे. त्यापुढं तुझा राग मला सोसेल.

तुझीच,
इंदिराकाकू